गोल धरून नाचतात तेव्हा मधे काय असतं?

पाड्यावरची बाई

नमस्कार मंडळी. प्रश्न तिसरीतल्या एका मुलीचा आहे. गेले काही दिवस मी तो घेऊन फिरतेय, म्हणून शेवटी इथे मांडते.

मी मूळची वाईकडची. डहाणू तालुक्यातल्या एका वारली पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्याला आता अकरा वर्षं झाली. यंदा नवरात्रात वाटलं, पोरींना आपला हादगा दाखवावा. पाटावर खडूने हत्ती काढला, झेंडूची माळ घातली, पाट अंगणात मधोमध ठेवला आणि म्हटलं, धरा गं हात. त्यांनी हात धरलेच नाहीत. कोणी काही न सांगता एकीने दुसरीच्या कमरेमागून हात घातला, दुसरीने तिसरीच्या, आणि बघता बघता अठरा पोरींचा एक वेढा तयार झाला. पायावर उभ्या राहायला लागल्यापासून त्या तारप्याचा नाच बघतात. गोल म्हटलं की त्यांचा हात आपोआप कमरेकडे जातो. 'ऐलमा पैलमा' सुरू केलं. दोन फेऱ्या झाल्या आणि ही तिसरीतली थांबली. ती थांबली म्हणून सगळ्याच थांबल्या, कारण अशा गुंफणीत एकीला सोडून बाकीच्यांना पुढे जाताच येत नाही. म्हणाली, "बाई, हत्ती तर वाजवत नाही. मग आम्ही त्याच्याभोवती का फिरतो?"

मला उत्तर सुचलं नाही. "फेर धरायचा असतो," एवढंच म्हटलं. तिचं समाधान झालं नाही, माझंही नाही.

ज्यांनी तारपा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, सांधे मेणाने बुजवलेले आणि पुढच्या टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळत नेलेला कर्णा. काही तारपे माणसाच्या उंचीला येतात. वाजवणारा श्वास तोडत नाही. गालात हवा धरून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर मधे कुठेच थांबत नाही. आमच्या पाड्यावर भात कापून झालं की दिवाळीच्या सुमारास रात्री नाच सुरू होतो. तारपेवाला मधे, भोवती माणसं. सगळ्यांत पुढच्याच्या हातात घुंगरांची काठी, ती तो जमिनीवर आपटत ताल धरतो. तारप्याचा सूर बदलला की त्याला कळतं, आता उलटं वळायचं, आणि त्याच्यामागे अख्खी साखळी वळते. एक नियम मात्र कोणी मोडत नाही: तारप्याकडे पाठ करायची नाही.

जिव्या सोमा मशे यांची चित्रं तुम्ही पाहिली असतील. गंजाडचे, २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली गेले. वारली चित्रांत हा नाच नेहमी गोगलगाईच्या शंखासारखा आत वळत गेलेला दिसतो. मला आधी तो चित्रकाराचा नखरा वाटायचा. पहिल्या दिवाळीत पाड्यावर उभी राहिले तेव्हा कळलं की वेढा खरंच तसाच असतो. तो पुरा मिटलेला नसतो. त्याला डोकं असतं, शेपूट असतं, आणि शेपटाला येऊन कोणीही जोडलं जाऊ शकतं. त्या रात्री एका आजीने मला ओढून शेपटाला लावलं. पाऊल चुकत होतं, पण दोन्ही बाजूंच्या बायकांच्या हातांनी मला बरोबर वळवलं. पंधरा-वीस मिनिटांनी मी पाय मोजायचे सोडले होते.

आता माझा तर्क. आमच्या गावाला लहानपणी खळं पाहिलंय. मधे तिवडा रोवलेला, त्याला बैलांची पात बांधलेली, आणि बैल कणसं तुडवत गोल गोल फिरायचे. जमीन शेणाने सारवून अशी घट्ट केलेली की अनवाणी नाचावं. मला वाटतं नाच तिथून आला असावा. पीक आलं, माणसं जमली, गोल जागा तयारच होती. हादगा पावसाच्या शेवटी, तारपा भात कापल्यावर, गरबाही त्याच दिवसांत. जगात इतरत्रही माणसं अशीच गोल धरून नाचतात म्हणे. नाचाची सुरुवात या गोलातूनच झाली का? आणि त्या मुलीला मी काय सांगू, मधे काय असतं?

ज्यांनी कुठे असा नाच प्रत्यक्ष पाहिला असेल त्यांनी मुद्दाम लिहा.

---

खापरतुकडा

बाई, प्रश्न फार मोलाचा आहे. मी अठ्ठावीस वर्षं उत्खननांवर मडक्यांची रेखाचित्रं काढायचं काम केलं, आता निवृत्त आहे. त्यामुळे नाचाकडे मी मडक्यावरूनच पाहतो.

तुमच्या मुलीला आधी एका भांड्याबद्दल सांगा. चीनच्या छिंगहाय प्रांतात दातोंग भागात १९७३ साली एका थडग्यात मातीचं एक पसरट भांडं सापडलं. माजियायाओ संस्कृतीचं, साधारण ५००० वर्षांपूर्वीचं. त्याच्या आतल्या बाजूला, काठाखाली, हातात हात धरलेली माणसं रंगवलेली आहेत. पाच-पाच जणांचे तीन गट. सगळ्यांच्या डोक्यामागचं वेणीसारखं काहीतरी एकाच दिशेला झुकलेलं, म्हणजे सगळे एका तालात आहेत. भांड्यात पाणी भरलं की ही पंधरा माणसं तळ्याच्या काठाने नाचतायत असं दिसतं. तिथे मधे पाणी आहे.

खळ्याच्या तर्काला थोडा आधार मिळतो. योसेफ गारफिंकेल या इस्रायली पुरातत्त्वज्ञाने पश्चिम आशिया आणि आग्नेय युरोपातली नाचाची चारशेच्या आसपास प्राचीन चित्रं एकत्र केली. माणूस शेती करू लागला, खेडी वसली, त्या काळात ही चित्रं भरभरून येतात. पुढे राजे, नगरं आणि लेखन आल्यावर ती ओसरतात. त्यांचं म्हणणं असं, की पेरणी-कापणीला सगळ्यांना एका वेळी एका कामाला लावायचं तर पंचांग नव्हतं, लिहिता येत नव्हतं. गाव एकत्र नाचलं की काळ बांधला जायचा. इराकमधल्या सामर्रा भांड्यांवर तर बायकांचे मोकळे केस वाऱ्याने फिरवल्यासारखे उडतायत आणि भोवती विंचवांचा वेढा आहे. ते चित्र उतरवायला घेतलं तेव्हा माझा हात कागदावर आपोआप फिरू लागला होता.

पण इथे एक सावधपणा हवा, आणि तो मला पेन्सिल हातात घेऊनच कळला. मडकं गोल असतं. काठाला लागून माणसं रंगवली की नाच आपोआप गोल होतो. रंगवणाऱ्याने ओळीतला नाच पाहिला असेल तरी भांड्यावर तो फेर होऊन बसणार. म्हणून सपाट जागेवरची चित्रंही बघावी लागतात. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाला जाऊन या. आपले पुरातत्त्वज्ञ वाकणकर यांना १९५७ साली गाडीतून जाताना त्या खडकांनी खुणावलं. २००३ पासून ती जागतिक वारशात आहे. तिथे कातळावर हात धरून नाचणारी माणसं ओळीने काढलेली आहेत. खडक सपाट, म्हणून ओळ. त्यांच्या अंगणात ती ओळ होती की वेढा, हे कातळ सांगत नाही.

आणि नाच शेतीपेक्षा जुना असणार याबद्दल मला शंका नाही. कालाहारीतल्या सान लोकांचा रोगनिवारणाचा नाच बघा. हे शिकार आणि कंदमुळांवर जगत आलेले लोक, खळं त्यांच्याकडे कधी नव्हतंच. मधे शेकोटी, तिच्याभोवती बायका मांडीला मांडी लावून बसतात, टाळ्या आणि गाणं त्यांचं. त्यांच्या पाठीमागून पुरुष गोल फिरत नाचतात. रात्रभर पाय आपटून वाळूत वर्तुळाकार चर पडतो. तो चर सकाळपर्यंत राहतो, वर्षभराने नाही. त्यामुळे माझ्या धंद्याला नाचाचा आरंभ कधी सापडेल असं मला वाटत नाही. आम्हाला मिळतं ते भांडं, पाऊल मिळत नाही. मोहेंजोदडोची १०.५ सेंटिमीटरची ती पितळी दिसणारी कांस्यमूर्ती आपण 'नर्तकी' म्हणतो. कमरेवर हात ठेवून उभी आहे एवढंच तिच्यात दिसतं, नाचणं आपण तिला दिलं.

---

पाड्यावरची बाई

खापरकाका, मनापासून आभार. पाण्याच्या भांड्याचं आज वर्गात सांगितलं. पोरांनी मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या ताटल्यांवर खडूने माणसं काढली आणि आत पाणी ओतलं. खडू पुसला गेला, पण दोन मिनिटं माणसं तळ्याकाठी होती.

सान लोकांमुळे माझा खळ्याचा तर्क ढिला झाला हे मान्य. तरी मी तो पुरता सोडत नाही.

---

चाकरमानी

माझं गाव संगमेश्वर तालुक्यात. गौरी-गणपतीला आमच्याकडे जाखडी असते. मधे बुवा, मृदंगवाला, झांजवाला आणि मागून ओढणारे. भोवती आम्ही नाचणारे, एका पायात चाळ. शक्ती आणि तुरा असे गाणाऱ्यांचे दोन पक्ष; बुवा शक्तीवाला असला तर समोरचा तुरेवाला, रात्रभर सवाल-जवाब चालतात. मधे वाजवणारे म्हणजे तुमच्या तारप्यासारखंच.

एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चाळ एकाच पायात असल्यामुळे आवाज एकाच पावलाचा येतो. आठ-दहा जणांची ती पावलं एका वेळी पडली की एकच मोठा पाय जमिनीवर पडल्यासारखं होतं. एकजण जरी मागे राहिला तरी आवाज फाटतो, आणि बुवा गाता गाताच त्याच्याकडे बघतो. माझे वडील मला सांगायचे, पायाकडे बघू नको, समोरच्याच्या छातीकडे बघ. गोलात समोरचा दिसतो म्हणून हे जमतं. मी गिरणगावातल्या खोलीत वाढलो, गावाला वर्षातून दहा दिवस. पण त्या दहा दिवसांत कोण कुणाचा हे मला त्या गोलात कळलं.

---

खापरतुकडा

चाकरमानी, तुमच्या चाळांवरून आठवलं. सान पुरुष पोटरीला एका पतंगाचे वाळलेले कोश माळेत ओवून बांधतात. कोशात बारीक खडे किंवा कवचाचे तुकडे भरतात. पाय आपटला की खुळखुळ. धातू माहीत नव्हता तेव्हाचे हे चाळच म्हणायचे.

---

बार्सिलोनाकर

बाई, मी नाशिकचा, सात वर्षांपासून बार्सिलोनात नोकरीला. इथे कॅथेड्रलसमोरच्या चौकात सुट्टीच्या दिवशी सार्दाना नाचतात. कातालान लोकांचा हा नाच. वाजवणाऱ्या संचाला कोब्ला म्हणतात, अकरा वादक आणि वाद्यं बारा, कारण एकजण एका हाताने छोटी बासरी वाजवतो आणि दुसऱ्या हाताने कोपराला बांधलेला इवलासा ढोल. वादक बाजूला खुर्च्यांवर बसतात. मग गोलाच्या मधे काय असतं? पिशव्या! आलेली माणसं आपले कोट, पर्स, भाजीच्या पिशव्या मधे रचून ठेवतात आणि त्याभोवती हात धरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, सामान सांभाळायची सोय आहे. ती आहेच. पण सगळ्यांनी आपलं ओझं एका ठिकाणी ठेवलंय आणि सगळे त्याच्याकडे तोंड करून नाचतायत, हे मला त्यानंतर प्रत्येक वेळी जाणवत राहिलं.

नाच दिसायला सोपा, करायला कठीण. आखूड पावलं आणि लांब पावलं अशा दोन चाली. आखूडला हात खाली, लांबला हात खांद्याच्या उंचीवर. पण संगीताच्या मात्रा आणि पावलांची गणती आपोआप जुळत नाही. गोलातला एकजण मनात मोजत असतो आणि बाकीच्यांना खुणावतो, आता इतकी पावलं, मग वळा, म्हणजे सूर संपताना पाऊल नेमकं संपेल. एकदा माझ्या शेजारच्या आजी मोजत होत्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या बोटांचा दाब माझ्या तळव्यावर बदलला की मला कळायचं. तुम्ही त्या बायकांच्या हातांबद्दल लिहिलंय, ते वाचून हेच आठवलं.

कोणीही गोलात शिरू शकतो, ओळख लागत नाही. एकच पथ्य: पुरुष आणि त्याच्या उजवीकडची जोडीदारीण यांच्या मधे घुसायचं नाही. आजचं तिचं रूप एकोणिसाव्या शतकात फिगेरेसच्या पेप वेंतुरा या संगीतकाराच्या हातून घडलं. म्हणजे आजचा नाच दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा, गोल मात्र त्याहून कितीतरी जुना.

आमच्या कचेरीत फेरो बेटांवरचा एकजण आहे. त्यांच्याकडे वाद्यच नाही. हात धरून गोल करतात, जुनी लांबलचक कथागीतं सगळे मिळून गातात, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, आणि लाकडी जमिनीवर पाय आपटतात. खोलीत गर्दी झाली की गोल मावत नाही, मग तो आत दुमडत जातो आणि फिरता फिरता प्रत्येकजण प्रत्येकाच्या तोंडासमोरून जातो. तो म्हणाला, रात्रभरात गावातला एकही चेहरा बघायचा राहत नाही. तुमच्या वारली शंखाचं चित्र त्याला दाखवलं. बराच वेळ बघत होता.

---

मांडावरली

गोव्यातल्या फोंड्याहून लिहितेय. सगळं गोलातूनच सुरू झालं असं म्हणाल तर माझी हरकत आहे. आमचा धालो गोल नाही. पौषात, चांदण्याच्या रात्री, मांडावर बायका जमतात. मांड म्हणजे ठरलेलं अंगण, देवाची जागा. दोन ओळी समोरासमोर, एकमेकींच्या पाठीवरून हात गुंफलेले. एक ओळ गात वाकत पुढे येते, मागे सरते, मग दुसरी. पहिलीने गाणं टाकायचं, दुसरीने उचलायचं. मधे काय असतं विचाराल तर मोकळी जागा, आणि ती दर ओवीला लहान-मोठी होते.

फुगडी वेगळी. तिथे आम्ही फेर धरतो, वेग वाढत जातो आणि शेवटी श्वासाचा तो फू-फू आवाज. पण माझी आई म्हणायची, फुगडीत दम लागतो, धालोत मन लागतं. मी दोन्ही करते, तरी पौष जवळ आला की माझे कान धालोकडेच असतात. माझं लग्न होऊन मी या वाड्यावर आले तेव्हा मला कुणाचं नाव माहीत नव्हतं. पहिल्या रात्री सासूने मला ओळीत आपल्या डाव्या बाजूला घेतलं. तीच माझी जागा आजपर्यंत. सासू गेल्या, आता उजवीकडे जाऊबाई असतात.

तेव्हा बाई, गोल हा एक मार्ग. समोरासमोर उभं राहणं हा दुसरा. कुणी आधीचा ठरवू नये असं मला वाटतं.

---

वॉर्डातली

मी परिचारिका आहे. एकच भर घालते. २०१५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही गटांना एकाच तालात एकसारखं नाचायला लावलं, काहींना वेगवेगळं; काहींना जोरात अंग हलवून, काहींना बसल्या जागी नुसते हात हलवून. आधी आणि नंतर दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून तो फुगवत नेला, दुखायला लागलं की सांगायचं. जोरात नाचलेल्यांना वेदना जास्त सोसली. पण एकसारखं नाचलेल्यांनाही सोसली, बसल्या जागी हात हलवणाऱ्यांनासुद्धा. आणि बरोबर नाचलेल्यांबद्दल त्यांना जवळीक वाटली. म्हणजे थकवा वेगळा, जुळणं वेगळं, आणि दोन्हींचा अंगावर परिणाम होतो.

पट्टा मी रोज वीसेक जणांना बांधते. तो फुगताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे, म्हणून हा प्रयोग वाचला तो विसरले नाही.

---

पाड्यावरची बाई

मांडावरली ताई, तुमची हरकत मी मान्य केली. सासूबाईंच्या डावीकडची जागा वाचून मी थोडा वेळ काही लिहूच शकले नाही.

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, तर एक गोष्ट सांगायलाच हवी. ती चार वर्षांपूर्वीची आहे आणि मला अजून टोचते.

एका मोठ्या कार्यक्रमात आमच्या शाळेचा तारपा नाच ठेवला होता. कुठे, कुणाचा ते लिहीत नाही. पोरं, पाड्यावरचे तारपेवाले आजोबा, सगळे टेम्पोतून गेलो. व्यासपीठ उंच, समोर खुर्च्या. सरावाच्या वेळी मुलांनी नेहमीसारखा वेढा घातला. आयोजकांपैकी एकजण धावत आले. "प्रेक्षकांना पाठ दिसतेय. अर्धगोल करा, तोंड समोर करा. तारपेवाल्यांना बाजूला घ्या, ते मधे आले की मुली झाकल्या जातात." मी मुलांना तसं सांगितलं. मीच सांगितलं. आजोबा काही बोलले नाहीत. बाजूला उभे राहून वाजवू लागले. मुलं समोर बघत होती, म्हणजे अर्ध्या मुलांची पाठ तारप्याकडे. नाच सुरू झाला आणि पाऊल लागेचना. जी पोरं अंधारात, उतारावर, दगडाधोंड्यांत न चुकता नाचतात, ती सपाट लाकडी फळ्यांवर एकमेकांना अडखळत होती. टाळ्या पडल्या. परतीच्या वाटेवर टेम्पोत आजोबांनी तारपा मांडीवर आडवा धरला होता आणि कर्ण्याचं ताडाचं पान सुटलं होतं ते बोटाने दाबत होते. फक्त एवढंच म्हणाले, "बाई, पोरांना मी दिसत नव्हतो."

त्या दिवसापासून मला वाटतं की नाचात दोन जाती आहेत. एक, जो मधल्या कशाकडे तरी तोंड करून नाचायचा, ज्याला बघणारा लागत नाही. दुसरा, बघणाऱ्याकडे तोंड करून नाचायचा. दुसराही सुंदर आहे. माझी भाची भरतनाट्यम शिकते, तिचं वर्णम, म्हणजे त्यातला लांबलचक मुख्य नाच, बघताना मी श्वास धरून बसते. पण पहिल्याला उघडून दुसरा करायला गेलं की तो मोडतो. हे कुठे, कधी घडलं असेल, की माणसांनी गोल पहिल्यांदा एका बाजूने उघडला?

---

खापरतुकडा

बाई, आजोबांचं वाक्य वाचून मी वही मिटून ठेवली आणि आज सकाळी परत उघडली.

तुम्ही विचारलंत त्याचं एक ठिकाण तरी दाखवता येतं. क्रीट बेटावर पालैकास्त्रो इथे मातीच्या छोट्या मूर्ती मिळाल्या, सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या. लांब घागरे घातलेल्या बायका हात पसरून फेर धरून उभ्या आणि मधे वीणेसारखं वाद्य वाजवणारी व्यक्ती. त्या हेराक्लिओनच्या संग्रहालयात आहेत. तुमच्या मुलीने पाहिल्या तर ती लगेच ओळखेल, तारपेवाला मधे आहे म्हणून.

त्याच ग्रीक जगात पुढे डायोनायसस देवासाठी पन्नास जणांचा समूह गोल धरून गायचा-नाचायचा. त्या गाण्याला डिथिरॅम म्हणत. अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की शोकनाट्य या डिथिरॅमच्या म्होरक्यांपासून निघालं. म्हणजे गोलातला एकजण सुटा झाला, बाकीच्यांना उत्तर देऊ लागला, आणि भोवती डोंगरउतारावर बघणारे बसले. त्यांच्या नाट्यगृहातल्या नाचायच्या जागेचं नाव ऑर्केस्ट्रा. आज आपण तो शब्द वादकांसाठी वापरतो, पण मूळ क्रियापद 'नाचणे' हेच. आणि बघणाऱ्यांच्या जागेचं नाव थिएटर, म्हणजे 'बघायची जागा'. एपिडॉरसला गेलात तर ऑर्केस्ट्रा अजून पुरा गोल आहे, साधारण वीस मीटर व्यासाचा, दाबून घट्ट केलेल्या मातीचा, कडेला दगडी पट्टी. काही अभ्यासकांचं मत असं, की ही जागा मुळात धान्य मळायच्या खळ्यावरून आली. सगळ्यांना ते पटत नाही, पण तुमचा तर्क अगदीच एकटा नाही, हे तुम्हाला सांगायचं होतं.

आपल्याकडचंही एक. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाघ लेण्यांत चौथ्या लेण्यात बायकांचे दोन वेढे रंगवलेले होते. मधे वेगळ्या पोशाखातली एक नाचणारी व्यक्ती, भोवती बायका, कुणाच्या हातात टिपऱ्या, कुणाच्या हातात टाळ. जुन्या संस्कृत ग्रंथांत हल्लीसक म्हणून जो फेराचा नाच येतो तो हाच, असं बरेच जण मानतात. १९२१ साली नंदलाल बोस यांनी तिथे जाऊन त्या चित्रांच्या प्रती केल्या. पुढे भिंती ओलाव्याने खराब होत होत्या म्हणून मूळ चित्रं काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली. मी ती तिथे पाहिली, सपाट भिंतीवर टांगलेली. चित्रकाराला अडचण तीच होती जी त्या आयोजकाला होती: गोल काढला की जवळच्या बायकांची पाठ येणार. त्याने पाठ काढली. वेण्या, अंबाडे, वळलेल्या माना, सगळं काढलं. गोल उघडला नाही.

---

पाड्यावरची बाई

पाठ काढली! काका, हे मी आजोबांना सांगणार.

या दिवाळीला काय ठरलंय तेही सांगते. तारपा शाळेच्या अंगणात होईल, खुर्च्या मांडायच्या नाहीत. ज्याला बघायचंय त्याने शेपटाला लागायचं. तिसरीतल्या त्या मुलीला मी पालैकास्त्रोच्या बायकांचं सांगितलं, शेकोटीचं सांगितलं, पिशव्यांचं सांगितलं. पिशव्या तिला सगळ्यांत आवडल्या. हादग्याच्या शेवटच्या दिवशी पाटावर हत्तीच्या बाजूला अठरा दप्तरं ठेवली गेली आणि मग फेर धरला. यावेळी कोणी थांबलं नाही. खिरापतीला तिने घरून काकडी आणली होती.

ताई, धालो मला बघायचा आहे. म्हणजे ओळीत उभं राहायचं आहे, कुणाच्या कडेला जागा असेल तर.

---

मांडावरली

पौषात या. पोर्णिमेच्या आसपास. माझी डावी बाजू रिकामी आहे, अजून सून आलेली नाही. मांडावर चप्पल बाहेर काढायची आणि पहिल्या रात्री गाणं येत नसलं तरी ओठ हलवायचे, तिसऱ्या रात्रीपर्यंत येतं. त्या मुलीला आणता आलं तर आणा.